कंपासपेटीतली गोधडी



आपल्या संयोजक मंडळींनी मला फोन केला तेव्हा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता. तू कॉम्प्युटरवाली, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोल. मी म्हटलं, त्यावर बोलणारे तुमच्या फोनमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ येतातच. मला माझ्या गोधडीवर बोलायचंय. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग उत्तर आलं, "बरं, पण जेवणाच्या आधी संपव." भाजीचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा मला अंदाज आहे की माझ्याकडे किती वेळ आहे.

ही पेटी पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. पत्र्याची, कॅमलिनची, आठवीत घेतलेली. कोनमापक आणि कर्कटक कधीच गेले. आता तिच्यात दोन सुया, पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ, मेणाचा तुकडा, अंगुस्तान, बोटभर लांबीची कात्री आणि सुती कापडाचे पंधरा षट्कोन असतात. झाकणाला आतून एक लोहचुंबक चिकटवलाय. गेली तीन वर्षं मी कुठंही निघाले की आधी ही पेटी पर्समध्ये जाते, चार्जर नंतर. हिच्यात एक अख्खी गोधडी चाललेली आहे.

ही कशी सुरू झाली ते सांगते. २०२२ च्या जुलैमध्ये माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं शाबूत राहिलं. (बोलणं किती शाबूत राहिलं ते पुढे कळेलच.) मी पुण्यात, आई इथं कऱ्हाडात. पुण्याला चल म्हटलं की तिचं एकच, "मला तुझ्या सातव्या मजल्यावर नको." दिवसरात्र राहायला एक बाई मिळाल्या, देवासारख्या. आणि मी दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी दुपारी पुण्याहून कोयना एक्स्प्रेस पकडायची, रविवारी त्याच गाडीनं परत. एका वेळचे साधारण पाच तास. लॅपटॉप उघडून पाहिला, पण शिंदवण्याच्या घाटात नेटवर्क जातं ते जेजुरीला येतं आणि आदर्कीच्या चढावर पुन्हा जातं. पुस्तकात लक्ष लागायचं नाही. डोकं सारखं पुढं, घरात. आज हात हलला असेल का, जेवली असेल का. हातांना काहीतरी काम हवं होतं.

आता गोधडी हे प्रवासातलं काम नव्हे, हे इथल्या निम्म्या लोकांना सांगायची गरज नाही. तुम्ही पाहिलंय. उन्हाळ्यात दुपारी अंगणात किंवा माजघरात जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड किंवा पाटा-वरवंटा, मधे जुनी धोतरं, फाटकी पातळं, वर पुन्हा एक चांगलं लुगडं. मग चार बाजूंना चौघी बसणार आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत सरकणार. मध्यावर आल्या की गोधडी झाली. तिला जमीन लागते, चौघी लागतात, आणि चार दुपारी लागतात. रेल्वेच्या खिडकीजवळच्या जागेवर यातलं काही नसतं.

आमच्या धंद्यात मोठं काम एका माणसाला एका बैठकीत झेपत नसेल तर त्याचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे पूर्ण करतात आणि शेवटी जोडतात. मी तेच केलं. इंग्लंडमधली एक जुनी पद्धत आहे. जाड कागदाचा षट्कोन कापायचा, त्याच्यापेक्षा पाव इंच मोठं कापड घ्यायचं, कापडाच्या कडा कागदावर मागे दुमडून कच्च्या टाक्यांनी टाचायच्या. असे दोन तुकडे पालथे समोरासमोर धरून कडेला कडा लावायची आणि फक्त कापडातून बारीक टाके घ्यायचे. तुकडा सहाही बाजूंनी जोडला गेला की कच्चे टाके उसवून कागद काढून घ्यायचा. कागद परत वापरता येतो. गाडी हलते, हात हलतो, पण कागदाची कड सरळ असते, म्हणून जोड सरळ येतो. चालत्या गाडीत चौकोनाचं नुसतं कापड हातात ताणलं जातं आणि कोपरे जुळत नाहीत. शिवाय एका वेळी मांडीवर तळहाताएवढंच काम.

हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही, तुम्हाला माहीत आहे. एक इंच बाजूचा षट्कोन म्हणजे सुमारे २.६ चौरस इंच. एका माणसाची गोधडी ६० बाय ९० इंच. म्हणजे २,०७८ षट्कोन. प्रत्येकाच्या सहा बाजू, पण प्रत्येक जोड दोघांत वाटलेला, म्हणून षट्कोनामागं तीन जोड, एकूण सहा हजारांवर. इंचाला बारा टाके धरले तर पाऊण लाख टाके. एका फेरीत, जाताना-येताना मिळून, माझे तीस षट्कोन व्हायचे. कागदावर उत्तर आलं ६९ फेऱ्या.

आईला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं पहिला तुकडा डाव्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "मधमाशी झालीस का? चौकोनानं काय घोडं मारलंय?" मग थोड्या वेळानं, "सहा कोपरे म्हणजे सहा ठिकाणी कापड वाया." हे खरं आहे. चिंधीतून षट्कोन कापताना चौकोनापेक्षा जास्त कापड जातं. जिनं आयुष्यभर ब्लाउजच्या कापडातून उरलेली पट्टीही जपली, तिला ते दिसणारच. पण कपाट उघडून पातळं काढायला तिनंच सांगितलं. इचलकरंजीची सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. वडिलांचे पांढरे सदरे. मागच्या बाजूला आजीचं इरकली लुगडं लावायचं हेही तिचंच. शाळेचा निळा स्कर्ट तिनं अजून ठेवलेला होता. तो मात्र या कामाला चालला नाही. टेरिकॉट दुमडून राहत नाही, सोडलं की उघडतं, आपल्या वर्गातल्या काही मंडळींसारखं.

आणि कागद. मी ऑफिसातले छापलेले कागद आणले होते, ते पातळ पडले. आई म्हणाली, खिळ्याला बघ. आमच्याकडे वर्ष संपलं तरी भिंतीवरचं कॅलेंडर फेकत नाहीत, त्याच खिळ्याला नवं लागतं. २०१९, २०२०, २०२१ अशी तीन वर्षं एकाखाली एक होती. चांगला जाड कागद. आणि त्यावर तारखांच्या चौकटीत तिचं अक्षर. दूध दीड लिटर. गॅस लावला. इस्त्रीचे ४० दिले. भिशी. ते सगळं उजव्या हाताचं. मी म्हटलं, हे नको कापायला. ती म्हणाली, "हिशेब चुकता झालाय त्याचा. काप."

मग तिनं एक काम स्वतःकडं घेतलं. डॉक्टरांनी डाव्या हाताला आणि उजव्याच्या दोन बोटांना व्यायाम म्हणून रबराचा चेंडू दाबायला दिला होता. तो ती दाबायची नाही, लहान मुलांचं खेळणं म्हणायची. पण मी शुक्रवारी संध्याकाळी पोचले की पेटी पुढ्यात घ्यायची आणि पूर्ण वेढल्या गेलेल्या तुकड्यांचे कच्चे टाके उसवायची. उजव्या हातानं कापड दाबून धरायचं, डाव्यानं दोरा ओढायचा. कागद निघाला की उलटून वाचायचा. "चौदा तारखेला दूध अडीच लिटर. एवढं कशाला गं?" आणि थोडं थांबून, "तुम्ही आला होतात. खरवस नव्हता मिळाला म्हणून खीर केली." एका संध्याकाळी दहा-बारा कागद निघायचे आणि त्यात आमचं जेवण व्हायचं. पहिल्या सहा महिन्यांत तिला एक कागद काढायला पाच मिनिटं लागायची. वर्षभरानं मी चहा ठेवून येईपर्यंत चार निघालेले असायचे.

गाडीतल्या शिवणाबद्दल चार गोष्टी सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजणींनी आल्याआल्याच विचारलंय. कापणं सगळं घरी, गाडीत कात्रीचं काम दोरा तोडण्यापुरतं. दोरा हातभरच घ्यायचा. लांब घेतला की गुंता सोडवण्यातच लोणंद येतं. मेणावरून एकदा ओढला की पीळ पडत नाही. दोरे ओवलेल्या दोन सुया निघतानाच लोकरीच्या चिंधीत खोचायच्या, कारण गाडी हलताना सुई ओवणं चाळिशीनंतर कुणाला जमत नाही. आणि सुया मोजायच्या. निघताना दोन, उतरताना दोन. शेजारी पोर झोपलेलं असतं, सीटवर सुई राहिली तर काय होईल सांगायला नको. चुंबक त्यासाठीच. एसटीत मी शिवत नाही. एसटीत फक्त रंग लावून बघायचे.

विमानाचं वेगळं. कामासाठी मला वर्षातून एक-दोनदा बाहेर जावं लागतं. अमेरिकेत पात्याची लांबी चार इंचांच्या आत असलेली कात्री जवळ ठेवू देतात, युरोपात मर्यादा सहा सेंटिमीटर. पण नियम कागदावर काहीही असो, शेवटचा शब्द तपासणाऱ्याचा, आणि रात्री दोन वाजता त्याच्याशी कोण वाद घालणार? म्हणून कात्री मोठ्या बॅगेत, आणि पेटीत दात साफ करायच्या दोऱ्याची रिकामी डबी. तिच्या तोंडाशी धारेचं छोटं पातं असतं, शिवणाचा दोरा त्यावर मस्त तुटतो. सुई आजवर कुणी काढून घेतलेली नाही.

सुई हातात असली की लोक बोलायला येतात, हे मला अपेक्षित नव्हतं. लॅपटॉपवाल्या बाईशी गाडीत कुणी बोलत नाही. षट्कोन काढला की वाठार येईपर्यंत समोरच्या तिघी वाकलेल्या असतात. लोणंदच्या कांदा बाजारात काम करणारी एक बाई दोन-तीन वेळा भेटली. तिनं माझ्या हातातून तुकडा घेतला, न विचारता, आणि तीन षट्कोन जिथं मिळतात तिथं राहणारं भोक बंद करायला एक आडवा टाका दाखवला. अमेरिकेहून छापून आलेल्या पुस्तकात तो नव्हता. तिची सासू म्हणे गोधडीचा शेवटचा कोपरा शिवताना आत तांदळाचे चार दाणे घालायची, पांघरुणाचं पोट रिकामं राहू नये म्हणून. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "आपण पण घालू. पण उकडा तांदूळ नको."

प्रवासात शिवणं ही काही माझी शोधून काढलेली गोष्ट नाही. पुण्यात अजूनही गोधडी शिवून देणाऱ्या बाया गल्लीतून हाक देत जातात, पाल उचलून गावोगाव फिरणाऱ्या. त्यांचं सगळं शिवण प्रवासातलंच. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती एका जहाजावरची गोधडी. ५ एप्रिल १८४१ ला इंग्लंडमधल्या वूलिचहून 'राजा' नावाचं जहाज निघालं. होय, आपलाच शब्द. त्यात सुमारे १८० स्त्रिया होत्या, शिक्षा झालेल्या, बहुतेक लहानसहान चोऱ्यांसाठी, आणि त्यांना टास्मानियात हद्दपार केलेलं. एलिझाबेथ फ्राय या तुरुंगसुधारणा करणाऱ्या बाईंच्या मंडळानं त्यांना सुया, दोरे, अंगुस्तान आणि चिंध्या दिल्या होत्या. केझिया हेटर नावाची तरुण मुलगी देखरेखीला सोबत गेली. साडेतीन महिन्यांनी, १९ जुलैला जहाज होबार्टला लागलं तेव्हा २,८१५ तुकड्यांची गोधडी तयार होती. आज ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्यावर ज्यांनी सामान दिलं त्यांचे आभार शिवलेले आहेत, शिवणाऱ्या एकीचंही नाव नाही. जहाज समुद्रात हेलकावे खात असताना, परत घरी जाणं नाही हे माहीत असताना त्यांनी कोपऱ्याला कोपरा जुळवला. माझी कोयना एक्स्प्रेस फार तर दीड तास उशिरा यायची.

इथं आपल्या शिवणाच्या बाई बसल्या आहेत, त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. कार्यानुभवाच्या तासाला मुलं बाहेर वाफ्यांना पाणी घालायची, म्हणजे एकमेकांना घालायची, आणि आम्ही आत नमुना वहीत धावदोरा, हेम, काजं. बाई वही हातात घेतल्या की पहिल्यांदा कापड उलटं करायच्या. पुढची बाजू कुणालाही चांगली जमते म्हणायच्या, मागं गाठी किती आहेत ते दाखव. बाई, मी वीस वर्षं दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासते. पहिल्यांदा उलटं करूनच बघते. आणि खिडकीतून आम्हाला 'शिंपीणबाई' म्हणून चिडवणाऱ्यांसाठी एक माहिती. अपोलो यानांना चंद्रावर नेणाऱ्या संगणकाचे प्रोग्रॅम कारखान्यातल्या बायकांनी हातानं तारा ओवून पक्के केले होते. तार कड्यातून गेली तर एक, कड्याबाहेरून गेली तर शून्य. म्हणजे शिवणच ते.

आता अडचण सांगते.

२०२५ च्या जानेवारीत आई पडली. हाड मोडलं नाही, पण ती स्वतःच म्हणाली, "आता तुझा सातवा मजला बघू." आम्ही घर बंद केलं आणि तिला पुण्यात आणलं. तोवर माझ्या गाडीनं ५४ फेऱ्या झाल्या होत्या आणि गोधडीचे १,६१४ षट्कोन. उरले ४६४. मला वाटलं, आता आई घरातच आहे, रोज रात्री शिवू, दोन महिन्यांत संपेल. पण घरी एक टाका पडत नाही. ऑफिस घरूनच, त्यामुळे ते संपतच नाही. संपलं तर कुकर, कुकर झाला तर मुलाचा अभ्यास. पाच तास कुणी काही मागणार नाही अशी जागा मला त्या डब्यातच मिळत होती. त्या गाडीत मी आईकडं जात असायचे आणि त्या पाच तासांत दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. आता आई दहा फुटांवर आहे आणि गोधडी कपाटात. वर्ष होत आलं. मधल्या दोन विमानप्रवासांत वीस-बावीस तुकडे टाचून झाले, जोडला एकही गेला नाही.

आई ८१ वर्षांची आहे. ती मागं लागत नाही. रविवारी संध्याकाळी फक्त विचारते, "कागद आहेत का काढायचे?" मी नाही म्हणते. ती चेंडू घेऊन बसते.

संमेलनाचं पत्र आलं तेव्हा मी तिला विचारलं, की वर्गातल्यांकडून उरलेले तुकडे जोडून घेतले तर चालेल का? गोधडीला पूर्वीही चौघी लागायच्याच. तिनं बराच विचार केला. मग एकेकाची चौकशी केली. कोण येणार आहे, कुणाची आई कशी शिवायची, कुणाच्या हाताला घाम येतो. शेवटी हो म्हणाली, अटी घालून.

तर बाहेर हात धुवायच्या जागेशेजारी टेबलावर पाकिटं ठेवली आहेत. २९ आहेत. प्रत्येकात सोळा षट्कोन, कागदावर टाचलेले, एक सुई, हातभर लांबीचे दोरे आणि कसं जोडायचं त्याचं चित्र. सोळांचा एक पट्टा करायचा, चार ओळी चारच्या. मुंबईला जाणाऱ्यांना परतीच्या गाडीत अर्धा होईल, बंगळुरूवाल्यांना पूर्ण. मुलांनीही घ्यायचं, वाफ्यांचं पाणी आता पुरे झालं. ज्यांना सुई धरता येत नाही त्यांच्यासाठी बाई जेवणानंतर अर्धा तास ड्रॉइंग हॉलमध्ये बसणार आहेत, त्यांनी कबूल केलंय. पट्टे मला पोस्टानं पाठवा, पत्ता पाकिटावर आहे. मी ते जोडेन आणि मागं लुगडं लावून धावदोरा घालायला मे महिन्यात आमच्याकडं चार दुपारी ज्यांना जमेल त्यांनी यायचं.

अटी अशा. इंचाला बारा टाके, दहा चालणार नाहीत, आई मोजते. पांढराच दोरा. गाठ मागच्या बाजूला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा झाला तरी कागद काढायचे नाहीत. ते आतच ठेवून पाठवायचे.